आधी मोजणी की आधी इसार?

आमच्या पेठेतील कोणताही व्यापारी घ्या. ज्वारीची दहा पोती विकत घ्यावयाची असली, तर तो प्रत्येक पोत्यात हात घालील, चार दाणे दातांखाली चावून पाहील, काटा सरळ उभा आहे की नाही याची खात्री करून घेईल आणि मगच भाव बोलेल. सोन्याचे एक कडे घ्यावयाचे तर कसोटीवर कस लावल्यावाचून तो पैशाच्या पिशवीस हात लावणार नाही. असा हा सावध गृहस्थ आयुष्यभराची पुंजी ओतून जमीन घेण्यास निघतो, तेव्हा मात्र त्याची सारी सावधगिरी कोठे जाते, हे आम्हांस एक कोडेच वाटते. दलाल त्याला रस्त्याच्या कडेला उभा करतो, हात पसरून ‘त्या निंबापासून या विजेच्या खांबापर्यंत’ अशी हद्द दाखवितो, सातबाऱ्याचा एक कागद पुढे करतो, ‘दुसरे गिऱ्हाईक उद्या सकाळी येणार आहे’ असे कानात सांगतो, आणि आमचा गृहस्थ त्याच रात्री इसार देऊन मोकळा होतो. पुढे खरेदीखत होते. कुंपण घालण्याच्या दिवशी शेजारी आडवा येतो, आणि मग मोजणीचा अर्ज, वकिलाकडील शोध, दिवाणी दावा अशी वरातीमागून निघालेली घोडी एकामागून एक दारात येऊन उभी राहतात.

या अनर्थाचा सर्व दोष खरेदीदाराच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ते न्यायाचे होणार नाही. ज्या कागदांवर तो विसंबतो ते सर्व सरकारी शिक्क्याचे असतात, आणि शिक्का दिसला की मालकीची शाश्वती मिळाली असे सामान्य मनुष्यास वाटावे यात नवल नाही. वस्तुतः आपल्या देशात जमिनीच्या मालकीची हमी सरकार कोणासही देत नाही. सरकार नोंद करते, हमी घेत नाही. हे एक वाक्य ज्याने नीट ध्यानात धरिले, त्याची निम्मी फसवणूक टळली असे आम्ही समजतो.

प्रथम खरेदीखताचा विचार करू. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आणि नोंदणी कायदा १९०८ चा. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या खतावाचून होत नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु दुय्यम निबंधक पाहतो ते एवढेच की, खत करून देणारा इसम तोच आहे, त्याने सही कबूल केली आहे आणि मुद्रांक पुरेसा लागला आहे. विकणारा खरोखरीच मालक आहे किंवा नाही, हे ठरविणे त्याचे काम नव्हे. तामिळनाडू सरकारने पूर्वीचे मूळ खत दाखविल्यावाचून नोंदणी नाकारण्याचा नियम केला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये रद्द केला आणि विकणाऱ्याची मालकी तपासण्याचा अधिकार नोंदणी अधिकाऱ्यास नाही असे स्पष्ट सांगितले. म्हणजे ज्याच्याजवळ तसूभर जमीन नाही अशा मनुष्यानेही दुसऱ्याची जमीन विकली, तर ते खत नोंदले जाऊ शकते. नोंदले गेले म्हणून ते जमीन देत नाही. जे विकणाऱ्याजवळ नव्हते ते घेणाऱ्याच्या पदरी कोठून पडणार?

दुसरा कागद सातबाऱ्याचा. या उताऱ्याविषयी जितका आदर आपल्या समाजात आहे तितका क्वचितच दुसऱ्या कोणत्या कागदाविषयी असेल. परंतु त्याचे मूळ महसुलात आहे, मालकीत नाही. गाव नमुना सात हे अधिकार अभिलेखाचे पत्रक व नमुना बारा ही पिकांची नोंद. दोन्ही मिळून सातबारा. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या १५७ व्या कलमाने अशा नोंदी खऱ्या मानावयाच्या, परंतु विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. फेरफार नोंदीने मालकी उत्पन्न होत नाही व नाहीशीही होत नाही, ती सारा कोणी भरावा एवढे ठरविण्यापुरती असते, असे सर्वोच्च न्यायालयाने एकदा नव्हे, अनेकदा म्हटले आहे. तेव्हा सातबारा हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे; आणि साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते. ‘इतर अधिकार’ या रकान्यात काय लिहिले आहे, पूर्वीच्या कोणत्या नोंदीस कंस पडला आहे, तो कोणत्या फेरफाराने पडला, त्या फेरफाराच्या वेळी कोणाकोणास नोटीस गेली होती, हे सर्व विचारल्यावाचून हा साक्षीदार आपण होऊन काही बोलत नाही.

तिसरा कागद नकाशाचा, आणि आमच्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष याच्याकडे होते. आपल्या मुलखातील पद्धतशीर मोजणीस गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात प्रारंभ केला. तेहतीस फुटांची शंकू साखळी, तिचे सोळा आणे, एक साखळी लांब व एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हा हिशेब आजही आपल्या तोंडी आहे. त्या मोजणीचा हेतू शेतसारा ठरविणे हा होता. नंबरातील दोन-चार हातांच्या फरकाने साऱ्यात दमडीचाही फरक पडत नसे, म्हणून त्यावेळी ती चूक चूकच नव्हती. आज त्याच नंबरावर गुंठ्याला लाखांचे भाव चालू आहेत. मधल्या काळात नंबरांचे पोटहिस्से झाले, एकत्रीकरण योजनेत गट पडले, कोठे रस्ता गेला, कोठे पाट गेला, भावाभावांनी तोंडी वाटणी करून बांध घातले; परंतु यांपैकी कित्येक फरकांची फाळणी नकाशावर उतरलीच नाही. अशा रीतीने उताऱ्यावर एक क्षेत्र, नकाशावर दुसरे आणि प्रत्यक्ष वहिवाटीत तिसरे असा त्रिवेणी संगम अनेक ठिकाणी झालेला आहे. त्यात स्नान करणाऱ्यास पुण्य मात्र लाभत नाही.

एक उदाहरण कल्पून हिशेब करू. तालुक्याच्या गावी हमरस्त्यालगत गोदामासाठी एका व्यापाऱ्याने अर्धा एकर जमीन घेतली. भाव गुंठ्यास पाच लाख, म्हणजे वीस गुंठ्यांचे एक कोटी रुपये झाले. खरेदीनंतर मोजणी आणली तेव्हा दिसले की, रस्ता रुंद करताना दोन गुंठे पूर्वीच संपादित झाले होते, पण कमी-जास्त पत्रक न झाल्यामुळे उताऱ्यावर क्षेत्र जुनेच राहिले. आणखी दोन गुंठे शेजाऱ्याच्या बांधाआड गेली वीस वर्षे त्याच्या वहिवाटीत आहेत. हातात राहिले सोळा गुंठे. वीस लाख रुपये हवेत गेले, आणि हद्दकायम मोजणीची फी होती काही हजार रुपये! शेजाऱ्यावर दावा लावावा तर तो बारा वर्षांहून अधिक काळ प्रतिकूल कब्जा असल्याचे सांगून मुदतीचा मुद्दा काढणार. विकणाऱ्यावर लावावा तर त्याने पैशाची वाट लावलेली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात; पण जो आधी शहाणा झाला नाही त्याला ती पायरी चढल्यावाचून गत्यंतर उरत नाही.

येथे चतुःसीमेविषयी एक शब्द लिहिणे अवश्य आहे. खतातील चतुःसीमा व खतातील क्षेत्र यांत विरोध आला तर न्यायालये सामान्यतः चतुःसीमेस अधिक मान देतात. असे असता आपल्याकडे खत लिहिणारे चतुःसीमा बहुधा जुन्या खतावरून जशीच्या तशी उतरून काढतात. पूर्वेस ज्याची जमीन म्हणून नाव घातलेले असते तो मनुष्य कधीच वारलेला असतो, आणि दक्षिणेस दाखविलेला ओढा पूर्वीच बुजलेला असतो. ज्या चार ओळींवर उद्याचा निकाल फिरावयाचा, त्या चार ओळी एक कोटीच्या खतात सर्वांत निष्काळजीपणे लिहिल्या जाव्या, याला काय म्हणावे?

आता एका नाजूक परंतु अत्यंत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळतो. जमिनीच्या दोषांपैकी फार मोठा दोष नकाशात नसून आपल्या घरांत आहे, आणि तो म्हणजे बहिणींची नावे गाळण्याची चाल. बाप वारला की थोरल्या भावाचे नाव ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’ म्हणून लागते. बहिणींची नावे लागलीच तर इतर अधिकारात, आणि पुष्कळदा तीही नाहीत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीस बापाच्या मिळकतीत वारस केले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, त्या वर्षीच्या २२ जूनपूर्वी लग्न न झालेल्या मुलींस, वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने जन्मसिद्ध हक्क दिला. २००५ मध्ये साऱ्या देशासाठी तोच नियम होऊन लग्नाची अट उरली नाही. आणि २००५ मध्ये बाप हयात असण्याचीही जरुरी नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या ऑगस्टमध्ये दिला. इतके होऊनही साडीचोळीच्या मोबदल्यात हक्कसोडीवर बहिणीचा अंगठा घेण्याची, किंवा तिला न विचारताच जमीन विकून टाकण्याची रीत आपल्या गावांतून गेलेली नाही.

खरेदीदार म्हणतात, ‘तो त्यांच्या घरचा प्रश्न, आम्हांस त्याचे काय?’ आम्ही नम्रपणे विचारतो की, ज्या मालाचा एक वाटेकरी गैरहजर आहे तो माल दुकानात कोणी उघड्या डोळ्यांनी घेईल काय? घेतला तर तो व्यवहारात मूर्ख आणि नीतीत भागीदार ठरेल. ज्या बहिणीची सही घेतली नाही तिचा हिस्सा विकला गेलेला नाही. ती उद्या वाटणीचा दावा घेऊन उभी राहिली तर तिचे काय चुकले? वंशावळ मागून घेणे, प्रत्येक मुलीस समक्ष भेटून तिची खुशी विचारणे आणि तिला खतात लिहून देणार म्हणून घेऊन तिच्या वाट्याची रक्कम तिच्याच हाती देणे, यात खरेदीदाराचे रक्षण आहे व बहिणीचा न्यायही आहे. समाजसुधारणेचे काम स्वार्थाच्या वाटेने इतके सोपे झालेले क्वचितच आढळते.

याच जातीचे आणखी दोष थोडक्यात सांगतो. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनापासून कुळांकडे मालकीने आलेल्या कित्येक जमिनींवर हस्तांतरणाचे निर्बंध आहेत. ‘भोगवटादार वर्ग दोन’ असा शेरा असलेल्या जमिनी सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येत नाहीत. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीस मंजुरीवाचून घेता येत नाही, आणि तशा गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी १९७४ चा स्वतंत्र कायदा आहे. तेथे ‘मी पैसे मोजले’ ही सबब उपयोगी पडत नाही आणि पडूही नये. जो स्वतः शेतकरी नाही त्यास १९४८ च्या कुळकायद्याच्या ६३ व्या कलमाने शेतजमीन परवानगीखेरीज घेता येत नाही. १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहेच. त्याखालील किमान क्षेत्र २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीस वीस व बागायतीस दहा गुंठे असे ठरले, आणि त्या कायद्यात वरचेवर फेरफार होत असल्यामुळे खरेदीच्या दिवशी कोणता नियम लागू आहे हे पाहिले पाहिजे. सामाईक गटातील ‘दोन गुंठे’ घेणाऱ्याने तर हे पक्के समजावे की, कायदेशीर वाटणी होईपर्यंत त्याने घेतला तो हिस्सा होय. अमुक कोपरा त्याचा असे त्यास म्हणता येत नाही. आणि केवळ कुलमुखत्यारपत्रावर घेतलेली मालमत्ता ही खरेदीच नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगून ठेवले आहे.

मग मनुष्याने करावे तरी काय? आमचे उत्तर एका वाक्यात असे की, जे आज खरेदीनंतर केले जाते ते इसारापूर्वी करावे. चालू उतारा व आठ-अ यांवर न थांबता मागील सर्व फेरफार काढावे आणि मालकी एका हातातून दुसऱ्या हातात कशी आली याची साखळी कोठे तुटते का ते पाहावे. दुय्यम निबंधकाकडील सूची क्रमांक दोनचा तीस वर्षांचा शोध घ्यावा. तीस वर्षे एवढ्यासाठी की, गहाण सोडविण्याची मुदत कायद्याने तितकी आहे. महाराष्ट्रात चालू दाव्याची नोटीस निबंधकाकडे नोंदविण्याची तरतूद १९३९ च्या मुंबई दुरुस्तीपासून आहे. शोधात तीही पाहण्यास विसरू नये. त्यानंतर विकणाऱ्याच्या अर्जाने हद्दकायम मोजणी करवावी, लगतच्या खातेदारांस नोटिसा गेल्या व ते जागेवर हजर राहिले याची खात्री करावी, दगड रोवून घ्यावे आणि भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी नकाशाची ‘क’ प्रत हाती घ्यावी. खतातील चतुःसीमा त्या नकाशावरून लिहावी. जमिनीस जाण्यायेण्याची वाट कागदावर आहे की केवळ शेजाऱ्याच्या मर्जीवर, हेही तेव्हाच पाहावे.

जागेवर कोण नांगरतो, कोण राहतो, कोण भाडे देतो, हे स्वतः जाऊन विचारावे. कारण जो प्रत्यक्ष कब्जात आहे त्याच्या हक्काची माहिती खरेदीदारास होती, असेच कायदा धरून चालतो. वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्यावी. परंतु हरकत आली नाही म्हणजे हक्क संपला, असा कोणताही कायदा नाही. आमच्या पत्रास अशा नोटिसांचे पैसे मिळतात, तरी हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. यातील काही कामे विकणाऱ्यास बांधून घेतल्याखेरीज होत नसतील तर इसार द्यावा, पण अल्प द्यावा. आणि इसारपावतीत स्पष्ट लिहून घ्यावे की, मोजणीत क्षेत्र कमी भरल्यास किंमत त्या प्रमाणात कमी होईल व मालकीत दोष निघाल्यास इसार परत मिळेल. जो विकणारा या दोन अटी ऐकून रागावतो, त्याच्या रागातच त्याच्या जमिनीचा अर्धा इतिहास वाचावा.

‘इतका वेळ कोण थांबतो? तोवर दुसरा घेऊन जाईल,’ असा आक्षेप येईल. घेऊन जावो! दोषाची जमीन दुसऱ्याने नेली तर त्यात आपले नुकसान काय झाले? आणि निर्दोष जमिनीचा मालक चार आठवडे थांबत नाही असा अनुभव विरळा.

आता सरकारच्या वाट्याचे माप त्याच्या पदरात घालू. फेरफार महसूल यंत्रणेकडे, मोजणी भूमी अभिलेखाकडे आणि खत नोंदणी व मुद्रांक विभागाकडे. तिन्ही एकाच महसूल खात्याच्या छत्राखाली. जमाबंदी आयुक्त आणि नोंदणी महानिरीक्षक या दोघांची मुख्य कार्यालये पुण्यातच. तरीही एका खिडकीस दुसरीतील कागदाची ओळख नाही असा प्रकार आम्ही किती काळ पाहावा? उतारे संगणकावर आले, २०१८ पासून त्यांवर डिजिटल सही आली, गावठाणांच्या मोजणीसाठी २०२० मध्ये स्वामित्व योजना निघाली. ही सुधारणा आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. परंतु चुकीची नोंद संगणकावर चढविली म्हणजे ती बरोबर होत नाही, केवळ लवकर मिळते. शेजारच्या कर्नाटकात शेतजमिनीचा भाग विकावयाचा असल्यास मोजणी करून मंजूर झालेला ‘११-ई’ नकाशा आधी लागतो, मग खत नोंदले जाते. जे कृष्णेच्या त्या तीरावर होते ते या तीरावर का होऊ नये?

याहून पुढची पायरी म्हणजे सरकारने मालकीची हमीच द्यावी ही होय. दक्षिण ऑस्ट्रेलियात टॉरेन्स याने १८५८ मध्ये ही पद्धत सुरू केली. आपल्याकडे राजस्थानने २०१६ मध्ये शहरी जमिनींपुरता कायदा केला. आंध्र प्रदेशाने केलेला कायदा मात्र लोकांच्या संशयामुळे २०२४ मध्ये मागे घ्यावा लागला. यावरून धडा असा की, अचूक मोजणी व विश्वासू चौकशी यांच्या पायावाचून हमीचे शिखर चढवू गेल्यास ते कोसळते. म्हणून आम्ही आज हमी मागत नाही. आधी मोजणी, मग नोंदणी आणि नोंदणीबरोबर फेरफार, एवढा क्रम सरकारने कायद्याने लावून द्यावा, मोजणीच्या अर्जास ठराविक दिवसांत दगड व नकाशा द्यावा, आणि मृत खातेदाराच्या वारसनोंदीत मुलींची नावे गाळणाऱ्यास जाब विचारावा, इतकीच आमची मागणी आहे.

सरकार हे करील तेव्हा करो. तोपर्यंत आमच्या वाचकांनी स्वतःपुरता तो कायदा आजपासून लागू करावा. इसाराची थैली सोडण्यापूर्वी शेताच्या चारी कोपऱ्यांवर पायी चालत जावे, दगड हाताने चाचपावे, शेजाऱ्यास राम राम करून हद्द विचारावी आणि विकणाऱ्याच्या बहिणींचे पत्ते मागून घ्यावे. जे चार दाणे चावल्यावाचून ज्वारी घेत नाहीत, त्यांस इतके सांगण्याची वेळ यावी याचेच आम्हांस नवल वाटते.